पवईचे आवार

मुंबईच्या आयआयटीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण 1958 सालापासून सुरुवात करतात. संस्थेपुरते ते बरोबरच आहे. त्या वर्षी 25 जुलैला पहिले वर्ग भरले. पण ते भरले वरळीला, रेशीम आणि कृत्रिम धाग्यांवर संशोधन करणाऱ्या 'सस्मिरा' या संस्थेच्या इमारतीत. पवईला तेव्हा डोंगर होते, गवत होते, तलाव होता आणि विखुरलेली वस्ती होती. आवाराचा इतिहास म्हणजे त्या जमिनीचा आणि तिच्यावर राहिलेल्या, राबलेल्या, शिकलेल्या सगळ्या माणसांचा इतिहास असे मानले, तर सुरुवात बरीच मागे न्यावी लागते. मी ती मागे नेणार आहे. कारण गाजलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे सगळ्यांना पाठ आहेत, आणि ज्या जमिनीवर ते शिकले तिची माहिती मात्र पवईत राहणाऱ्यांनाही नसते.

साष्टी बेट इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस मराठ्यांकडून घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम राहिले. मग या बेटावरची गावे मर्जीतल्या आणि उद्योगी माणसांना पट्ट्याने देण्याचा क्रम सुरू झाला. पवईची मालमत्ता 1799 मध्ये डॉ. स्कॉट यांच्याकडे गेली. पुढे ती सरकारकडे परत आली आणि 1829 मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याला मिळाली. धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटवरून मुंबईकर ज्यांना ओळखतात तेच हे फ्रामजी. त्यांनी पवईत ऊस, कापूस, नीळ, तुती यांच्या लागवडीचे प्रयोग केले, आंब्याची मोठी बाग उभी केली आणि 1838 मध्ये इथले आंबे थेट व्हिक्टोरिया राणीला पाठवले. आगबोटीच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत पवईचा आंबा लंडनला धाडण्याची कल्पना सुचणे हेच मुळात धाडसाचे होते. म्हणजे आयआयटी येण्यापूर्वी सव्वाशे वर्षे पवई ही प्रयोगाची जमीन होती. त्या बागेला पाणी कोणी घातले, ऊस कोणी तोडला, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. पवईच्या इतिहासातली ही पहिली रिकामी जागा. पुढे अशा आणखी दिसतील.

मग तलाव आला. मुंबईची तहान भागवण्यासाठी 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव पुरे झाले होते. तरीही पाणी पुरेना, म्हणून 1891 च्या सुमारास पवईचा ओढा अडवला. या तलावाचे पाणी मात्र पिण्याच्या योग्यतेचे ठरले नाही आणि शहराने लवकरच त्याच्याकडे पाठ फिरवली. गळ टाकून मासे धरणारे शौकीन, काठावरचे मासेमार आणि देवीचे भक्त यांनी तलाव आपला मानला. पद्मावती देवीचे जुने देऊळ आज आयआयटीच्या आवारात, तलावाच्या काठी आहे. एका राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्थेच्या कुंपणात गावाची देवी असावी आणि नवरात्रात गावकऱ्यांनी फाटकातून तिच्या दर्शनाला यावे, हे मला या आवाराच्या स्वभावाचे फार बोलके लक्षण वाटते. संस्था गावात आली आहे, गाव संस्थेत आलेले नाही, याची आठवण ते देऊळ सतत देत असते.

आसपास पवई, तिरंदाज, कोपरी, पासपोली, तुंगवे, साकी अशी गावे होती. साकीनाक्याच्या गर्दीत उभे राहून आज हे पटणार नाही, पण तो एका गावाच्या वेशीवरचा नाका होता. डोंगरात आदिवासींचे पाडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लार्सन अँड टुब्रोचा कारखाना पवईला आला आणि कामगारवस्ती वाढू लागली. महापालिकेची हद्द 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. शहर उत्तरेकडे सरकत होते, आणि त्याच्या बरोबरीने शिक्षणही.

याकडे मराठी वाचकाने जरा लक्ष द्यावे. मुंबईतले उच्च शिक्षण म्हणजे फोर्ट, धोबीतलाव, फार तर माटुंगा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मुंबई विद्यापीठ 1857 चे, पण उपनगरात पहिले महाविद्यालय निघायला 1930 साल उजाडले. ते जोगेश्वरीच्या टेकडीवरचे सरकारी इस्माईल युसुफ कॉलेज. पार्ल्याचे पु. ल. देशपांडे तिथे शिकले. अंधेरीला 1946 मध्ये भवन्स कॉलेज आले. नागपाड्याला सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था अंधेरीमार्गे 1954 मध्ये देवनारला स्थिरावली. घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये 1959 पासून सोमय्यांचे विद्याविहार वाढू लागले आणि पुढे रेल्वेच्या स्थानकाने तेच नाव घेतले. पुढे मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी कलिन्याला वसली. तीस-चाळीस वर्षांत उपनगरांत एवढ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि बोरिवली, मुलुंड, भांडुपच्या घरांतल्या मुलामुलींना गाडीत लोंबकळत दक्षिणेकडे जाण्यावाचून दुसरा पर्याय मिळाला. पवईचे आवार या मोठ्या सरकण्याचा एक भाग आहे. फरक एवढाच की ते उपनगरासाठी म्हणून आलेच नव्हते. ते देशासाठी आले होते, उपनगराने त्याला फक्त जागा दिली होती.

देशासाठी म्हणजे कसे, ते थोडक्यात सांगतो. युद्ध संपत असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले सर आर्देशीर दलाल यांच्या पुढाकाराने नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने 1946 मध्ये पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढण्याची शिफारस केली. पूर्वेची खरगपूरला, हिजलीच्या जुन्या बंदिवासाच्या इमारतीत, 1951 मध्ये निघाली. पश्चिमेची मुंबईला. पुढे मद्रासला पश्चिम जर्मनीने मदत केली, कानपूरला अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी, दिल्लीला ब्रिटनने. मुंबईच्या वाट्याला युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत रशिया आला. यंत्रे आणि तज्ज्ञ रशियाचे, इमारती आणि रोजचा खर्च भारत सरकारचा, जमीन मुंबई राज्याची, अशी वाटणी ठरली. साडेपाचशे एकर. 1956 ते 1973 या काळात 59 तज्ज्ञ आणि 14 तंत्रज्ञ सोव्हिएत संस्थांतून इथे येऊन गेले आणि इथल्या 27 अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. 'मिन्स्क' हा सोव्हिएत संगणक पवईत आला तेव्हा देशातल्या बहुतेकांनी संगणक पाहिलाही नव्हता. शीतयुद्धाच्या ऐन भरात एका देशाने चार वेगवेगळ्या देशांच्या मदतीने चार संस्था उभारून घेतल्या आणि चारही आपल्याच ठेवल्या, याचे श्रेय त्या पिढीला पुरेसे मिळालेले नाही असे मला वाटते.

पहिल्या शंभर जागांसाठी 3,400 हून अधिक अर्ज आले होते. 10 मार्च 1959 ला पंडित नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली. ती तारीख मराठी माणसाने त्या काळाच्या कॅलेंडरावर ठेवून पाहावी. महाराष्ट्र राज्य तेव्हा नव्हते, द्वैभाषिक मुंबई राज्य होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. सव्वाच वर्षापूर्वी, नोव्हेंबर 1957 मध्ये, नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाई-पाचगणीच्या वाटेवर काळ्या निशाणांनी त्यांचे स्वागत झाले होते. कोनशिलेनंतर अवघ्या चौदा महिन्यांनी 1 मे 1960 उजाडला. मुंबई कोणाची, हा प्रश्न रस्त्यावर लढला जात असतानाच पवईच्या माळावर, कोणत्याही एका प्रांताची नसलेली संस्था आखली जात होती. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि तरी आपल्या लेखनात त्या एका पानावर येत नाहीत. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांना पवई दिसत नाही आणि पवईचा इतिहास लिहिणाऱ्यांना चळवळ.

संस्थेचे पहिले संचालक ब्रिगेडियर एस. के. बोस. पण तिच्या आखणीत आणखी एका माणसाचा हात होता आणि त्याच्याविषयी मला अधिक लिहायचे आहे. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर 1909 मध्ये धारवाडला जन्मले. शिक्षण मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, डॉक्टरेट लिव्हरपूलची. बंगळूरला आणि नंतर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवून झाल्यावर 1956 मध्ये ते मुंबई आयआयटीचे नियोजन अधिकारी झाले. इमारती उभ्या राहण्याआधीची सगळी कागदावरची आयआयटी त्यांच्या नजरेखालून गेली. ती पुरती उभी राहण्यापूर्वीच, 1959 मध्ये, त्यांना कानपूरला पहिले संचालक म्हणून पाठवले गेले. तिथे त्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मूलभूत विज्ञान आणि मानव्यशास्त्रे कसोशीने शिकवणारी संस्था घडवली. कानपूरच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. 1970 मध्ये ते पवईला संचालक म्हणून परतले आणि 1974 पर्यंत राहिले. एकाच माणसाने एका संस्थेचा आराखडा केला, दुसरी शून्यातून उभारली आणि मग पहिलीची धुरा घेतली. अशी कारकीर्द दुर्मीळ. महाराष्ट्रात शिक्षणतज्ज्ञांची नावे निघतात तेव्हा केळकरांचे नाव फारसे ऐकू येत नाही. ते यायला हवे.

केळकर परतण्याच्या आदल्या वर्षी, 1969 मध्ये, आवारात इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. जर्मनीतल्या उल्म इथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याच्या उभारणीतले प्रमुख नाव. अभियंत्यांच्या गावात चित्रकारांची ही वाडी कशाला, असा प्रश्न तेव्हा पडणे साहजिक होते. मराठीपुरते बोलायचे तर त्याचे उत्तर आपण सगळे रोज वापरतो. कोल्हापूरचे र. कृ. जोशी, कवी, सुलेखनकार आणि अक्षरांचे अभ्यासक, जाहिरातीच्या क्षेत्रातून 1983 मध्ये आयडीसीत अध्यापक म्हणून आले. अक्षराचे वळण, जोडाक्षरांची घडण, शिरोरेषेवर मात्रांना आणि अक्षराखाली उकारांना लागणारी जागा यांचा त्यांनी ध्यास घेतला आणि विद्यार्थ्यांनाही लावला. पवईहून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईच्याच राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला आणि विंडोजबरोबर तो घराघरांतल्या संगणकावर पोचला. तहसील कचेरीतला दाखला असो की वर्तमानपत्राला पाठवलेला लेख, लाखो मराठी माणसांनी संगणकावर पहिल्यांदा आपली भाषा पाहिली ती जोशींच्या अक्षरांत. 2008 मध्ये ते गेले. पुढे 2010 मध्ये रुपयाचे जे चिन्ह देशाने स्वीकारले त्याचे रचनाकार डी. उदयकुमार हेही याच आयडीसीत संशोधन करत होते. संगणकशास्त्र विभागात मराठी वर्डनेटचे काम झाले. मराठी शब्दांचे अर्थसंबंध यंत्राला समजतील अशा रीतीने नोंदवण्याचे हे किचकट, चिकाटीचे काम. मराठीसाठी पवईत काय घडले असे कोणी विचारले तर मी आधी ही नावे घेईन.

आणि त्याबरोबर दुसरे एक केंद्र. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे 'सितारा' 1985 मध्ये सुरू झाले. प्रा. अ. वा. दाते यांच्यासारख्यांनी त्याची पायाभरणी केली. प्रा. मिलिंद सोहोनी यांनी कर्जतसारख्या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याच्या योजना का बंद पडतात, हे विद्यार्थ्यांना गावात नेऊन शोधायला लावले आणि त्याविषयी मराठीतून आग्रहाने लिहिले. मुंबईच्या धरणांशेजारची गावे उन्हाळ्यात टँकरवर जगतात, आणि त्यांच्यापासून काही तासांवर देशातले नामांकित अभियंते तयार होतात. ही विसंगती त्यांनी दृष्टीआड होऊ दिली नाही. उन्नत महाराष्ट्र अभियान या कल्पनेमागे हाच विचार होता. ही वाट आवाराच्या मुख्य रस्त्याइतकी रुंद कधीच झाली नाही. व्हायला हवी होती, हे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांची कथा इतरत्र पुष्कळ लिहिली गेली आहे, म्हणून इथे आवरते घेतो. हॉस्टेलांना क्रमांकांची नावे, हॉस्टेलातल्या विंगेत जुळलेली आयुष्यभराची मैत्री, मेसच्या जेवणाबद्दलची पिढीजात तक्रार, 'इन्स्टी', 'जनता', 'फंडा' ही बोली, 1970 च्या दशकारंभी सुरू झालेला मूड इंडिगो आणि 1998 चा टेकफेस्ट. म्हापशाचे मनोहर पर्रीकर 1978 मध्ये इथून धातुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले आणि 2000 मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले. एखाद्या राज्याचे मुख्यमंत्री झालेले ते पहिले आयआयटीयन. 1978 च्याच तुकडीचे नंदन नीलेकणी. त्यांनी 2023 मध्ये संस्थेशी आपल्या नात्याला पन्नास वर्षे झाल्याबद्दल 315 कोटी रुपये दिले. सोलापूरचे अच्युत गोडबोले इथून रासायनिक अभियांत्रिकी शिकून आधी शहाद्याच्या आदिवासींच्या लढ्यात गेले, मग संगणकाच्या उद्योगात आणि शेवटी मराठी लेखनात. त्यांचे 'मुसाफिर' वाचून ग्रामीण महाराष्ट्रातल्या अनेक मुलांना पवई हे नाव पहिल्यांदा जवळचे वाटले असेल.

पण त्या फाटकातून आत कोणाला येता आले? हा प्रश्न टाळून लिहिलेला आवाराचा इतिहास अपुरा राहील. अनुसूचित जाती-जमातींसाठी आयआयटींत राखीव जागा आल्या 1973 मध्ये, वरळीच्या पहिल्या वर्गानंतर पंधरा वर्षांनी. इतर मागास वर्गांना त्यासाठी 2008 पर्यंत थांबावे लागले. मुलींची संख्या इतकी कमी होती की 2018 पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या. प्रवेशाची पहिली पायरी असलेली जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते. पुढची ॲडव्हान्स्ड परीक्षा मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीतच होते. परभणीच्या मराठी शाळेतल्या हुशार मुलीला गणित येत असूनही वाट इथे अरुंद होते. प्रवेश मिळाल्यानंतरही सगळे सुरळीत होत नाही. जात, भाषा, घरची परिस्थिती हॉस्टेलच्या खोलीपर्यंत सोबत येते, आणि त्याविषयी उघड बोलणारे विद्यार्थी आज आवारात आहेत. आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल हा त्यांचाच एक गट. मला त्यांच्या बोलण्यात संस्थेविषयीची आस्थाच दिसते. जिच्याकडून काही अपेक्षाच नाही त्या संस्थेशी कोणी भांडत बसत नाही.

फाटकाबाहेर महात्मा फुले नगर आहे. आवारातल्या घरांत काम करणाऱ्या बाया, माळी, सफाई कामगार, रिक्षावाले अशी कित्येक माणसे तिथून आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून येतात. आवाराच्या हद्दीत पेरूबाग ही जुनी वस्ती होती. संस्थेला जागा हवी झाली तेव्हा तिच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. रात्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून बिबट्या येतो, तलावात मगरी आहेत, आणि हे सगळे एकाच कुंपणाच्या आतबाहेर नांदते. 1980 च्या दशकापासून तलावापलीकडे उंच इमारती उठल्या आणि पवई हे नाव महागड्या घरांचे झाले. आयआयटी होती म्हणून त्या घरांना मान आला, आणि घरे आली म्हणून आयआयटीच्या शेजारची साधी माणसे आणखी आत, आणखी डोंगराकडे ढकलली गेली.

आवार चालते ते कर्मचाऱ्यांवर. प्रयोगशाळेत रशियन यंत्रे बसवताना हाताशी असलेला साहाय्यक, लेथ चालवणारा वर्कशॉपमधला कारागीर, पहाटे चारला मेसची भट्टी पेटवणारा आचारी, वसतिगृहाच्या दारावरचा पहारेकरी. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेली ही माणसे क्वार्टरमध्ये राहिली. त्यांची मुले आवारातल्या शाळेत प्राध्यापकांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसली. गणपती, नवरात्र, चौदा एप्रिल यांचे आवारातले उत्सव त्यांनी चालवले. संस्थेच्या दप्तरात ते पगारपत्रकावरचे क्रमांक आहेत. फ्रामजींच्या बागेत पाणी घालणाऱ्यांची नावे हरवली, तशी यांचीही हरवतील, आणि या वेळी दोष आपला असेल, कारण यांतली कितीतरी माणसे अजून हयात आहेत.

संस्थेचा अधिकृत इतिहास इंग्रजीत आहे आणि त्यात संचालक, विभाग, करार, इमारती नीट नोंदलेल्या आहेत. ते काम मोलाचे आहे. या लेखातली कित्येक सालेही त्याच नोंदींवर उभी आहेत. उरलेला इतिहास बहुतांशी मराठीत आहे, बोलण्यात आहे, जुन्या फोटोंत आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या पत्रांत आहे. तो लिहायला इतिहासकाराची वाट पाहण्याची गरज नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमचे आईवडील, काकामामा, शेजारी पवईच्या आवारात नोकरीला असतील, तुम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये वाढला असाल, तिरंदाजला किंवा फुलेनगरात तुमचे घर असेल, तर त्यांच्याशी बसून बोला. साल, विभाग, हाताखालचे यंत्र, पहिला पगार, पावसाळ्यात वाट कशी होती, देवळात कोण येई, हे सगळे तारखेनिशी वहीत उतरवा किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करा. फोटोंच्या मागे नावे लिहा. आणि त्याची एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयाला, दुसरी तुमच्या भागातल्या मराठी ग्रंथालयाला द्या. मुलुंड, घाटकोपर, पार्ले, बोरिवली इथली ग्रंथालये अजून उघडी आहेत.